भूमितीतून सूट

दि. १८ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण गेल्या वेळी तुम्ही मधेच फोन ठेवलात, मग मी तुमचा राग आईवर काढला, आणि तिची बिचारीची विनाकारण फरफट झाली. तेव्हा आपल्या घरचा जुना रिवाजच बरा, भांडायचं ते कागदावर. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

खोली चांगली आहे. शाळा चार पावलांवर, खाली रस्ता, समोर एक गॅरेज. सकाळी सातला तिथे हातोडा सुरू होतो, त्यामुळे गजर लावावा लागत नाही. जेवणाची आबाळ नाही, आईला सांगा.

शाळेत मला आठवीचे दोन वर्ग दिलेत. सध्या बहुभुजाकृतींचे कोन चालू आहेत. तुम्ही पहिल्याच तासाला फळ्यावर सूत्र लिहून मोकळे झाला असतात. मी सूत्र लपवून ठेवलं. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून नेले, एकेका बाकाला एकेक आकार दिला आणि म्हटलं, याने बाक झाका, फट राहायला नको आणि एकावर एक चढायलाही नको. फरशी बसवतात तसं. त्रिकोणवाल्यांचं झालं, चौरसवाले तर लगेच जांभया द्यायला लागले, षट्कोनवाल्यांचंही छान जमत गेलं. पंचकोनवाल्यांनी मात्र वर्ग डोक्यावर घेतला. त्यांचं म्हणणं, बाईंनी तुकडे वाकडे कापलेत. मी म्हटलं, मोजा. मोजले, तर सगळे सारखे. तरी फट आहेच. तेव्हा कुठे त्यांना कोनांची गरज पडली. एकेक कोन एकशे आठ, तीन मिळून तीनशे चोवीस, आणि एका बिंदूभोवती हवेत तीनशे साठ. तीन पुरत नाहीत आणि चौथा मावत नाही. त्या क्षणी त्यांच्या तोंडून जो ‘अरेच्चा’ निघाला, तो तुम्हाला ऐकवायला हवा होता.

आता रागाचं. या वर्गात यंदा एक मुलगी आली आहे, जन्मापासून दिसत नाही तिला. इतकी वाद घालते, की मुलांनी तिचं नाव ‘वकील’ पाडलंय. अंकगणितात मला दोनदा पकडलं तिने. पण भूमितीचा तास लागला, की वकीलबाई उठतात आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसतात. का, तर तिला भूमितीतून सूट आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या वडिलांकडून सही करून घेतली. तिला सोपा पेपर मिळेल, आणि वरच्या वर्गांत गेली की गणित, विज्ञान काहीच घेता येणार नाही. आत पंचकोनांवरून गोंधळ चालला होता, तेव्हा ती दाराबाहेरून ओरडून विचारत होती, की काय झालं, काय बसत नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली, बाबा.

नियम मी वाचला. ‘सूट घेता येते’ असं लिहिलंय, ‘घ्यावी’ असं नाही. तुमची सगळी हयात शाळेत गेली. मी काय करावं ते सांगा. आणि हल्ली तुमची पत्रं आईच्या अक्षरात का येतात, तेही सांगा.

तुमच्या रागासकट तुमची माया हवी असलेली,
ठकी


दि. २७ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा दुरुस्तीला टाकला आहे. (चष्मा टेबलावर आहे. – आई)

पुठ्ठ्यांचे खेळ ठीक आहेत, पण परीक्षेत पुठ्ठे येत नाहीत, सूत्र येतं. ते वेळेवर दे. आता त्या मुलीविषयी. तुझी कळकळ समजते. पण मी पस्तीस वर्षं भूमिती शिकवली आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे, की भूमिती हा डोळ्यांचा विषय आहे. आकृती दिसली पाहिजे. जिला दिसत नाही तिला आकृतीपुढे बसवणं म्हणजे तिचा छळ आहे. सूट ही शिक्षा नव्हे, सोय आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी दयाबुद्धीनेच केलं असणार. त्यात तुझं नोकरीचं पहिलं वर्ष. अजून कायम झालेली नाहीस. तोंड वाजवायची सवय घरात ठेव. (कुणाची सवय, ते आपल्याला माहीत आहे. – आई)

मुलीला अंकगणित येतं, तर ते पक्कं करून घे. मन लावून शिकव, पण नियमाशी कुस्ती करू नकोस.

माझी प्रकृती उत्तम आहे. (नाही. – आई)

तुझे शुभचिंतक,
बाबा

ठके, आता पुढचं माझं. यांना वाटतंय मी पाकिटावर पत्ता लिहिते आहे. उजव्या डोळ्याने यांना काहीच दिसत नाही आणि डाव्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी या महिन्यात हात टेकले. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. पण ताकीद तोंडी आहे, लेखी नाही, आणि मी काय लिहिते ते यांना तपासता येत नाही. दिवसभर खुर्चीत बसतात. मी पाणीसुद्धा हातात देते. देवासारखे गप्प असते तर एक वेळ बरं होतं, पण धुसफुसत असतात. तू आलीस तर अजूनच चिडतील, म्हणून लगेच धावत येऊ नकोस. पत्र लिही. पत्र आलं की खुर्चीत ताठ बसतात.

तुझी,
आई


दि. ५ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, हे पत्र गाळून वाचू नकोस. एकही ओळ नाही. मला कळेल.

बाबा, तुमच्या डोळ्यांचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. रडले, मग राग आला, आणि राग अजून आहे, म्हणून हे पत्र रागाचंच आहे.

तुमचा सल्ला मी मानला नाही. भूमितीच्या तासाला वकीलबाईंना हाताला धरून वर्गात आणलं. आदल्या रविवारी पुठ्ठ्याचे दोन-दोन थर चिकटवून नवे तुकडे कापले होते, कडा घासून साफ केल्या होत्या. तुकडे घसरू नयेत म्हणून एका पाटावर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवला. कोनमापकाला दर दहा अंशांवर खाच पाडली. तिच्यापुढे पंचकोन ठेवले आणि बाकीच्यांना दिलं तेच काम दिलं. तिने तीन तुकडे एका बिंदूपाशी जुळवले, बोटाने फट शोधली, तिच्यावर कोनमापक ठेवला आणि म्हणाली, तिसाच्या वर आहे, चाळिसाला पोचत नाही. मग तोंडी हिशेब करून छत्तीस सांगितले. मागच्या बाकावर एक जण अजून वहीत तीन गुणिले एकशे आठ मांडत होता. मी तिला विचारलं, गणितच का एवढं आवडतं. तिचं उत्तर, की या एकाच विषयात बाईंनासुद्धा हरवता येतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. आवाज अगदी गोड. म्हणाल्या, मुलीच्या मनात भलती आशा घालू नका, नापास झाली तर तिचंही वर्ष जाईल आणि शाळेचा निकालही खाली येईल. मग माझ्या हातात लेखी समज ठेवली. वकीलबाई पुन्हा व्हरांड्यात. या वेळी बाकावर दाराकडे पाठ करून बसली होती.

आणि तुम्ही मला लिहिता, भूमिती डोळ्यांचा विषय आहे. ठीक आहे. मग तुमच्याच नियमाने तुम्हालाही सूट द्यायला हवी. पस्तीस वर्षं शिकवलीत ती भूमिती आजपासून तुमची नाही. त्रिकोण नाही, वर्तुळ नाही, काही नाही. खुर्चीत बसा, आई पाणी आणून देईल. छळ नको तुमचा. चालेल?

चालत असेल तर सोबतचं पुडकं न उघडता परत पाठवा. त्यात पाट आहे आणि तुकडे आहेत.

तुमचीच, आणि म्हणूनच अशी,
ठकी


दि. २२ ऑगस्ट

चि. ठकीस,
आईचा पोटभर आशीर्वाद आणि थोडा मारही.

सांगितलंस तसं सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही. ‘आई पाणी आणून देईल’ इथे मी पत्र खाली ठेवलं, पण पुन्हा उचलून वाचलं. वाचून झाल्यावर हे उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर आठवडाभर घरात माझ्याशी बोलणं नाही. तुझं नाव काढलं तर नुसता घसा खाकरायचे. मलाही तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आजाऱ्याशी कुणी असं बोलतं का, असं मनात येत होतं. पुडकं तसंच कपाटावर ठेवलं. परत पाठवा म्हणाले नाहीत, उघडा म्हणाले नाहीत.

मग एका दुपारी मी शेजारी गेले होते. परत आले तर जेवणाच्या टेबलावर दोरी आणि कागद फाडून पडलेले, पाट पुढ्यात, आणि हे तुकडे चाचपत बसलेले. मी दारातच उभी राहिले. तीन पंचकोन जुळवले. चौथा त्या फटीत कोंबायला लागले. जाईना. दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. शेवटी असा भिरकावला, की तो माझ्या शिलाईयंत्राखाली जाऊन पडला. मला वाटलं संपलं. पण थोड्या वेळाने हात पुन्हा पाटावर गेला. फटीच्या दोन्ही बाजूंवरून बोटं कितीतरी वेळ फिरत होती.

मग मान न वळवता म्हणाले, की दारात उभी आहेस ते कळतंय, तो चौथा तुकडा शोधून दे. शोधून दिला. त्या दिवशी जेवण टेबलावर नाही, ओट्यावरच झालं, कारण टेबल रिकामं करायला परवानगी नव्हती. त्रिकोण सहा बसवले, षट्कोन तीन बसवले, अष्टकोन दोन ठेवून मधल्या जागेत चौरस घातला. दरवेळी आधी आकडा सांगायचे आणि मग हाताने पडताळायचे. मी म्हटलं, सूट मिळालीय ना तुम्हाला? तर माझ्यावर असे ओरडले, की शेजारीण विचारायला आली.

खालच्या ओळी त्यांनी सांगितल्या, मी फक्त लिहिते आहे.

‘ठकी, तुझ्या पत्राची भाषा वडिलांना लिहायची नाही. ती मी विसरणार नाही. भूमितीविषयी मी लिहिलं ते चूक होतं. ही फट मी हजार वेळा फळ्यावर काढली, तिची रुंदी मला आज कळली. त्या मुलीच्या वडिलांनी सही का केली? ते काय करतात? सविस्तर कळव. बाकी काही लिहू नकोस.’

तुझी,
आई


दि. ३० ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत तेवढंच लिहिते.

वकिलाचे वडील माझ्या खिडकीसमोरच्या गॅरेजात मिस्त्री आहेत. सकाळचा हातोडा त्यांचाच. घरी तेवढी दोघंच. मी त्यांना भेटले. गाडीखालून बाहेर आले, उठून उभे राहिले, बसायला स्टूल पुसून दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण सही मी मागे घेणार नाही. या शाळेच्या आधी दोन शाळांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. या मुख्याध्यापिकाबाईंनी घेतलं. आता त्या जो कागद पुढे करतील त्यावर ते सही करणार. पोरगी शाळेत राहिली पाहिजे, व्हरांड्यात का होईना. मला चीड आली होती, पण त्यांची नाही येऊ शकली. त्या माणसाने शाळांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. वकील मात्र त्यांच्याशी बोलत नाही. सही झाल्यापासून बापाला फक्त हो आणि नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी काल सगळ्या शिक्षकांसमोर मला विचारलं, की तुमचे ते खेळण्याचे तुकडे शाळेच्या वेळेत कापता की घरी. सगळे हसले. परीक्षा ऑक्टोबरात आहे. सूट घेणाऱ्यांची नावं एकदा वर गेली की संपलं.

बाबा, मी राजीनामा लिहून ठेवलाय. हिला बाहेर बसवून मला आत काही शिकवता येत नाही. फळ्याकडे वळले की दाराकडे लक्ष जातं. त्या पत्राबद्दल माफी मागणार नाही, कारण माझा राग खरा होता. पण तुम्ही टेबलावर तुकडे लावत बसलात हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवले त्या दिवशी. का ते माहीत नाही.

तुमची,
ठकी


दि. १० सप्टेंबर

चि. ठकीस,
आईचे खूप आशीर्वाद.

यांनी एका ओळीचा निरोप सांगितलाय, बाकीचं पत्र यांना न सांगता लिहिते आहे. परवा आम्ही तुझ्या गावी येऊन गेलो. तुला भेटलो नाही, कारण यांचा राग अजून शिल्लक आहे आणि तो शिल्लक ठेवण्याचा त्यांना हक्क आहे असं ते म्हणतात. सकाळच्या बसने आलो, संध्याकाळच्या बसने परत. तुझी खिडकी मला खालून दिसली. वाळत घातलेली ओढणी पडायला आली होती.

गॅरेजात गेलो तर मिस्त्री कामात. हे माझा हात सोडून पुढे झाले आणि टायरला अडखळले. मिस्त्रींनी धावत येऊन धरलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा यांच्याकडे वळवला. मी तुझे वडील म्हणून ओळख करून दिली. मला वाटलं, आता हे नियमांवर भाषण देणार. दिलं नाही. पाणी संपवून पेला चाचपत बाजूला ठेवला. मग जे बोलले ते मी शब्दाला शब्द लिहिते.

‘मला घरात सगळ्यातून सूट आहे. दूध तापवण्यातून, जिना उतरण्यातून, स्वतःचं पत्र स्वतः लिहिण्यातून. सगळे प्रेमाने देतात. आयुष्यात माझा इतका अपमान कुणी केला नव्हता, आणि तक्रार करायला जागाच नाही, कारण सगळे चांगले आहेत. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला हे आत्तापासून देऊ नका.’

मिस्त्री हातातलं फडकं पिळत उभे होते. म्हणाले, नापास झाली आणि शाळेने काढलं तर? यांनी सांगितलं, की नापास झाली म्हणून शाळेला काढता येत नाही, तसं कुणी करायला गेलं तर मी इथे येऊन शाळेच्या पायरीवर बसेन, आणि मला तिथून उठवणं सोपं नाही हे माझ्या बायकोला विचारा. मी म्हटलं, खरं आहे. मिस्त्री तेव्हा पहिल्यांदा हसले. पण हो काही म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले. आम्ही उठलो.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. अपमान म्हणे. कुणी केला, तर मीच. गेले तीन महिने पातेली मी उचलते, पाणी मी देते, जिन्यावर मी पुढे उभी राहते. ते यांनी परक्या माणसापुढे असं मांडलं. माझ्या मनाला फार लागलं, ठके. रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. मग विचार केला, की मला कधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. मी म्हटलं असतं, भाजेल, बसा गप्प.

घरी आल्यावर दुधाचं पातेलं यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तापवा. दूध उतू गेलं. सगळी शेगडी माखली. मी जागची हलले नाही. पुसलंही त्यांनीच, अर्धं राहिलं. काल पुन्हा उतू गेलं. आज आवाजावरून वेळेत उतरवलं, आणि चेहरा असा केला, जणू शाळा तपासणीला आलेत. आता घरात रोज भांडण होतं, पण ते बरोबरीचं असतं.

राजीनामा फाडून टाक, हा निरोप त्यांचा. ओढणीला चिमटा लाव, हा माझा.

तुझी,
आई


दि. २१ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी दोघांना एकत्र लिहिते, म्हणजे कुणाला लपवाछपवी करायला नको.

तुम्ही येऊन गेलात ते आईने कळवलं. भेटला नाहीत म्हणून चार दिवस मी फुगून होते. तुम्ही आल्यानंतरच्या सोमवारी मिस्त्री कामाच्या कपड्यांत तडक शाळेत आले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं, बहुधा माझ्यासमोर त्यांना गप्प बसवायचं असावं. त्यांनी मिस्त्रींना पुन्हा सगळे धोके समजावले, शेवटी नापास होईल म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, ‘झाली तर होऊ दे बाई. बाकीच्यांची पोरं होतात, तशी माझीही होईल.’ आणि सूट नको असं लिहून, सही करून निघून गेले. काळ्या अंगठ्याचा ठसा टेबलाच्या काचेवर राहिला. मुख्याध्यापिकाबाई तो रुमालाने पुसत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मग एवढंच म्हणाल्या, की निकालाची जबाबदारी तुमची, लेखी. मी लेखी दिली.

महिनाभर शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसलो. ती चिडखोर आहे, मीही काही कमी नाही. एकदा तिने पाट ढकलून दिला, एकदा मी वही आपटली. पेपरातल्या आकृत्या मी कागदाला मागून सुईने टोचून उठवल्या. लिहायला सातवीतली एक मुलगी बसली, ही सांगेल ते लिहायचं. मुख्याध्यापिकाबाई स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसल्या, पूर्ण वेळ. पेपर मी तपासला आणि त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या सरांनी पुन्हा तपासला. वकील पास झाली. पहिली नाही, दुसरी नाही, वर्गात कुठेतरी मधोमध. मुख्याध्यापिकाबाईंनी निकालपत्रावर सही केली, आणि अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्याचं मला काही वाटत नाही. बापलेकीचं बोलणं सुरू झालंय, म्हणजे खिडकीतून भांडणं ऐकू येतात.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. पेपरात एक प्रश्न होता, की कुठल्याही वाकड्यातिकड्या चौकोनाचे सारखे तुकडे घेतले तर त्यांनी फट न ठेवता जमीन झाकता येईल का. हिने लिहिलं, नाही, फक्त चौरस आणि आयत बसतील. मी सगळे मार्क कापले. शुक्रवारी पेपर हातात मिळाल्यावर सातवीच्या मुलीकडून तिने एकेक शेरा वाचून घेतला आणि थेट माझ्याकडे आली. तिचं म्हणणं, वाकड्या चौकोनाचे चारही कोन वेगळे, मग जुळतील कसे. मी म्हटलं, चारही वेगळे असू देत, एका बिंदूपाशी चौघांना आण, बेरीज किती? ती म्हणाली, तीनशे साठ, पण तेवढ्याने बाजू जुळतातच असं कुठे आहे. अर्धा तास वाद झाला. निदान अर्धे मार्क द्या म्हणाली. मी नाही दिले. दार आपटून गेली. बाबा, मी तिथे एकटीच उभी राहून हसत होते. कुणीतरी मार्कांसाठी माझ्याशी भांडून दार आपटून गेलं होतं, जसं सगळ्यांचं पोरगं आपटतं.

सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी ती आली. इंजिनाच्या जोडांत घालतात त्या जाड गॅस्केटच्या कागदाचे, गॅरेजातले तुकडे होते तिच्या पिशवीत, एकाच वाकड्या चौकोनाचे, वडिलांकडून कापून घेतलेले. माझ्या टेबलावर तिने एक ठेवला, दुसरा अर्धा फिरवून बाजूला बाजू लावली, मग तिसरा, मग चौथा. टेबल भरत गेलं, तरी कुठे फट नाही. मला वाटलं, आता कबूल करेल. केलंही. म्हणाली, ‘बसतो, बाई. मार्क तुम्ही बरोबर कापलेत. पण हे तुम्ही मला शिकवलंच नव्हतं.’

माझं तोंड उघडलं, शिकवलं होतं म्हणायला. आणि मग आठवलं. मी ते वर्गात एका वाक्यात उरकलं होतं. फळ्यावर आकृती काढून, तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, की ‘हे असं फिरवा, म्हणजे इथे बसेल.’ ती तेव्हा पहिल्या बाकावर होती. मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

उद्याच्या तासाला तो धडा पुन्हा घेते आहे, सगळ्या वर्गाला. तिने मला बजावून ठेवलंय, की ‘असं’ हा शब्द वापरायचा नाही.

तुमच्या दोघांच्या भांडणात मलाही थोडी जागा राखून ठेवा, एवढंच मागणं.

तुमची,
ठकी